आमच्या घरात धूर नाही

समस्त मानवजातीस कळवण्यात येते की, बाळकुमच्या कोळीवाड्यातील आमच्या घरात धूर नाही, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालेले आहे.

नव्वदच्या आसपास ठाण्याहून एक संशोधक ताई आल्या. ज्या घरांत धूर जास्त, तिथे चुलीवर धुराडं आणि भिंतीत झरोका फुकट बसणार होता. आमच्या घराला खिडकी नव्हती आणि आईच्या खोकल्यावरून लोक आमचं घर ओळखायचे. म्हणजे आमचा नंबर पक्का. ताईंनी धूर मोजणारी पांढरीशुभ्र पेटी चुलीजवळ टांगली. "आठवडाभर राहू दे. रोजच्यासारखाच स्वयंपाक करा," असं बजावून त्या गेल्या.

त्यांची पाठ वळताच आईने चूल विझवली. "परक्याची वस्तू. काळी पडली तर?"

"अगं, काळी पडायलाच टांगलीय ती."

"तू गप रे. लोकांसमोर लाज काढशील."

आठवडाभर तिने कालवण काकीच्या उघड्या पडवीत रांधलं.

मग ताई पेटी काढून घेऊन गेल्या. त्या निकाल घेऊन परत आल्या तोवर आमची चूल पुन्हा पेटली होती आणि धुराडी दुसऱ्या घरांना वाटून संपली होती. पुढची सगळी वर्षं आईने त्याच धुरात काढली आणि त्याच खोकल्याने ती गेली. निकालाच्या दिवशी मात्र ताई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या घरची हवा सगळ्यात स्वच्छ निघाली."

आईने तोंडाला पदर लावून खोकल्याची उबळ जिरवली आणि म्हणाली, "बाय, ती पेटी परत लाव ना. ती होती तवर मला खोकला नव्हता."