फारकतीत मिळालेलं घर

दिंद्रुडला उज्ज्वलाच्या पिठाच्या गिरणीवर पोस्टमन पाकीट देऊन गेला, तो दिवस संकष्टीचा होता. पाकिटावर दोन नावं होती. वर परमेश्वरचं, खाली तिचं. चार वर्षांत ती दोन नावं कुणी अशी एकाखाली एक लिहिली नव्हती. पीठ लागलेल्या हातानं तिनं ती आधी नुसती पाहिली. मग आतलं वाचलं आणि गिरणीचा पट्टा बंद केला. हप्ते थकले होते. भरले नाहीत तर बँक घराचा लिलाव करणार होती.

घर म्हणजे काय होतं तिचं? दोन खोल्या, पुढं ओटा आणि मागं न्हाणी. पण जोत्यापासून स्लॅबपर्यंत त्याच्या प्रत्येक भिंतीवर तिनं पाणी मारलं होतं. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ, कडेवर घागर घेऊन. गवंडी म्हणायचा, "वहिनी, भिंतीला एवढं पाणी पाजाय लागलात, कोंब फुटतील!" चौकट बसली त्या दिवशी परमेश्वरनं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा आईच्या आधी तिच्या हातावर ठेवला. सासू दोन दिवस बोलली नव्हती.

कर्जाच्या कागदांवर सह्या करायला दोघं माजलगावला गेले होते. बायकोचं नाव मालकीत घातलं तर व्याज थोडं कमी बसतं, असं साहेबानं सांगितलं. उज्ज्वलानं पहिल्यांदाच एवढ्या ठिकाणी आपलं पूर्ण नाव लिहिलं. शेवटी तर तिच्या सहीला वळण आलं. बाहेर उसाचा रस पिताना परमेश्वर म्हणाला, "आता मालकीण हायस तू. मला घराबाहीर काढू नको म्हंजी झालं." ती इतकी हसली की रसाचा ग्लास लवंडला.

घरभरणी झाली, वर्षं गेली, पाळणा काही हलला नाही. देवधर्म झाला, दवाखाने झाले. मग परमेश्वर चाकणला कंपनीत लागला. आधी महिन्याला यायचा, मग सणाला, मग फक्त फोन. शेवटी गावात बैठक बसली. मारुतीच्या पारावर त्याचे चुलते म्हाळूबापू, तिचा भाऊ पंडित आणि चार जाणती माणसं. भांडण झालं नाही. शंभराच्या बाँडावर फारकत लिहिली आणि त्याच कागदावर पुढं लिहिलं : घर उज्ज्वलाचं, हप्ते परमेश्वरचे. सगळ्यांनी सह्या केल्या. म्हाळूबापू म्हणाले, "पोरी, तुझं छप्पर पक्कं झालं." ग्रामपंचायतीत नमुना आठला तिचं एकटीचं नाव लागलं. उज्ज्वलानं बाँडाला लॅमिनेशन करून घेतलं आणि देवघरात बाळकृष्णाच्या मागं उभा करून ठेवला. रोज दिवा लावताना नमस्कार देवाला व्हायचा, तसा त्या कागदालाही.

तोच कागद पदराखाली घेऊन ती पंडितबरोबर बँकेत गेली. मॅनेजर बाई नव्या होत्या, पण बोलायला मऊ. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"ताई, याला लॅमिनेशन कुणी केलं?"

"म्याच केलं. खराब होऊ नी म्हून."

"हे तुमचं आपसातलं झालं. यात बँकेची सही कुठं आहे? कर्ज दोघांनी घेतलंय. एकानं नाही भरलं तर दुसऱ्याकडं मागणारच आम्ही. आणि घरात त्याचा अर्धा हिस्सा अजून तसाच आहे."

"नमुना आठला माझं एकटीचं नाव हाय की."

"तो घरपट्टीचा उतारा. मालकी रजिस्ट्रीच्या कागदावर ठरते, आणि तो कागद आमच्या तिजोरीत आहे."

पंडित तावातावानं म्हणाला, "मंग पाच माणसं काय येडी होती का?"

"येडी कशाला? चांगलीच होती," बाई म्हणाल्या. "बँकेला विचारायचं तेवढं राहिलं."

रस्ता एकच होता. परमेश्वरनं येऊन आपला हिस्सा रीतसर तिच्या नावावर करून द्यायचा. बँक गिरणीची कमाई बघून सगळं कर्ज तिच्या एकटीच्या नावावर घेईल. पण तो आला पाहिजे.

घरी येऊन तिनं हरिपाठ म्हटला, मन लागेना. ओट्यावर बसली. याच ओट्यावर उन्हाळ्यात ती शेवया वाळत घालायची आणि तो जाता-येता कच्च्याच तोंडात टाकायचा. मग तिनं फोन लावला.

"कोण?" आवाज बारीक झाला होता.

"उज्ज्वला बोलतीय. हप्ते कावून थांबले?"

पलीकडं लहान लेकराचं रडणं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "कंपनीनं कमी केलं गं. आठ महिने झाले. तुला तोंड कसं दावावं, म्हून बोललो न्हाई."

"तोंड दावू नको. सही दे."

"कधी येऊ ते सांग."

तो खरंच आला. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, शर्ट इस्त्रीचा. माजलगावला दस्त लिहिणारे विजयसिंहकाका चष्म्यावरून दोघांकडं बघत म्हणाले, "फारकत कोर्टातून झालीय का?"

"पाराव झाली," पंडित म्हणाला.

"मग सोपं आहे. कायद्याच्या नजरेत अजून नवरा-बायकोच दिसता. पत्नीला बक्षीसपत्र म्हणून लिहितो. स्टँप नावालाच लागतो. परकी म्हणून लिहिलं तर पुरा भरावा लागंल."

परमेश्वर खाली बघत म्हणाला, "लिवा मग बायको. तिचे पैसे वाचतील."

बायको. केवढा काळ हा शब्द उज्ज्वलानं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. क्षणभर उसाच्या रसाची दुपार समोर उभी राहिली. पण फोनमधलं ते लेकरूही आठवलं, आणि त्या लेकराची आई, जिला हिनं कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाई काका. तसं लिवू नका."

"ताई, रक्कम मोठी आहे."

"असू द्या. ज्या घरात दिवा लावायचा, त्याच्या कागदाव खोटं नगं. उद्या ह्याच कागदापायी ह्याच्या घरात कालवा व्हायचा."

पंडित चिडला. "एका शब्दापायी हातातल्या पाटल्या मोडतीस का, बये?"

"आईनं घातल्या होत्या. आईच म्हनली असती, मोड."

परमेश्वरनं खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसत राहिला.

पुढच्या आठवड्यात पाटल्या मोडल्या, बँकेचं संमतीपत्र मिळालं, परमेश्वर परत आला आणि दस्त झाला. फोटो निघाले, अंगठे उठले. बाहेर आल्यावर परमेश्वर म्हणाला, "जिना बांधायचा राहिला माझ्याच्यानं. उन्हाळ्यात गच्चीव झोपू म्हनलो होतो."

"झोपलो की एकदा. शिडी लावून. ध्यानात न्हाई?"

"हाय की. तू शिडीव चढता चढता रडाय लागलीस."

"मी न्हाई, तू." दोघंही हसले. मग त्याची गाडी लागली.

दिंद्रुडला ती परतली तेव्हा गिरणीपुढं दळणाचे डबे ओळीनं लागले होते. शेजारची बायनाबाई डब्यावरच बसून होती.

"झालं का गं घर तुझ्या नावाव?"

"झालं. अन् अजून अकरा वर्सांचं कर्जबी."

"अगं बया! मंग तुझा फायदा काय झाला?"

उज्ज्वलानं पदर खोचला. "आता रातचं मोटारसायकल वाजली की बँकेचा वसुलीवाला आला का म्हून दचकायचं न्हाई, मावशी. व्हा बाजूला, ज्वारी कुणाची हाय आधी?"