आसनगावच्या घराचा भाव

आसनगावचं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा एक एजंट रोज सकाळी येऊ लागला. भिंतींवरून हात फिरवत, बैल पारखावा तशी तो घराभोवती फेरी मारायचा. त्याचं हसू आधी यायचं, बोलणं मागून. पहिल्याच दिवशी तो माझ्या बायकोला म्हणाला,

"वहिनी, मे महिन्यात घर दाखवायचं नाय. घर तापतं, गिऱ्हाईकपण तापतं. दिवाळी होऊ द्या."

कल्याणचा फ्लॅट बुक केल्यामुळे आमचा जीव टांगणीला लागला होता. तरी त्याचं ऐकून आम्ही थांबलो, घराला रंगही दिला.

दिवाळीनंतर त्याने मुलुंडचं एक जोडपं आणलं. सगळं पाहून ते गृहस्थ म्हणाले, "खुराड्यासारखं वाटतंय. किंमत कमी करा."

एजंटचं हसू मावळलं.

"खुराडं? ह्या घराला? मग आता पंचवीस हजार जास्त पडतील!"

मी मागून त्याचा शर्ट ओढला. हिने तोंडाला पदर लावून स्वयंपाकघर गाठलं. तिथे गृहस्थांची बायको ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून माहुलीचा डोंगर बघत होती. ती तिथूनच ओरडली, "अहो, आता गप्प बसा! नाहीतर पन्नास होतील!"

गृहस्थांनी मुकाट्याने होकार दिला.

ते गेल्यावर एजंट पायरीवर मटकन बसला.

"वहिनी, पाणी द्या. असं मी जन्मात कधी केलं नाय."

हिने पाणी आणलं खरं, पण हसता हसता निम्मं त्याच्याच अंगावर सांडलं.