मास्तरकीचं पीक

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण पहिल्या नंबरचा हा : मागच्या वर्षी ज्या मालाला भाव होता तोच यंदा पेरायचा, हा आमच्या शिवाराचा नियम मी माझ्या पोराच्या शिक्षणाला लावला.

हळदीला भाव आला की दुसऱ्या वर्षी सारं गाव हळद लावतं, आणि मग ती हळद कुणी विचारत नाही. हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. तरी शेजारची सून डी.एड. करून शिक्षणसेवक झाली आणि माझं डोकं फिरलं. पोरगा नुकताच बारावी झाला होता. त्याला इतिहासात बी.ए. करायचं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून, कोणती विहीर कोणत्या दुष्काळात कुणी खणली, ते तो एका वहीत लिहायचा. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "इतिहासानं पोट भरते काय? डी.एड. कर. दोन वर्सात मास्तर!" ती कमरेवर हात ठेवलेली बाई आज समोर आली तर तिचा कान पिळीन. काय तो तोरा! स्वतः सातवी नापास, आणि पोराला करिअर सांगून राह्यली होती.

डोनेशनसाठी गळ्यातली एकदाणी मोडली. त्या वहीची पानं फाडून हळदीच्या पुड्या बांधल्या. निम्मी वही संपली, निम्मी माळ्यावर पडून राहिली. मास्तर होणार म्हणून सोयरीकही झटक्यात जमली. नोकरीचा पत्ता नव्हता, पण वरातीत लोक नवरदेवाला "गुरुजी, गुरुजी" म्हणत होते आणि दर "गुरुजी"ला मान मी हलवत होते.

मास्तरकी मी एकटीनं थोडीच पेरली होती? गावोगावी तेच पीक. मग भरतीच बंद झाली. आज निघंन, उद्या निघंन म्हणता म्हणता पोराचं वय उलटलं. आता तो आमच्या तालुक्याच्या मालेगावला एका कृषी केंद्रात बियाण्याच्या बॅगा मोजतो. महिन्याचे अकरा हजार. मला मात्र तो कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या माणसापुढं रोज ताट वाढायचं, याच्याइतकं थकवणारं काम मी शेतातही केलं नाही.

यंदा त्याची पोरगी, माझी नात, बारावी झाली. माळ्यावरची अर्धी वही तिला कधीच सापडली होती. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मले इतिहास घ्याचा हाय. पुन्याले एक कॉलेज हाय, लई चांगलं."

पोरानं ताटातून मान वर केली नाही. "इतिहासानं पोट भरते काय?"

वाक्य माझंच. इतकी वर्षं त्यानं ते जपून ठेवलं होतं, अक्षरही न बदलता.

दोन दिवस मी पत्र्याची पेटी उपसून कागद शोधले. तिसऱ्या दिवशी सातबारा पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता मालेगावची बस धरली. जमीन माझ्या नावावर आहे. पोराच्या पगारावर बँक कर्ज देणार नव्हती, माझी सही चालणार होती. बँकेतला साहेब म्हणाला, "आजी, पीककर्ज का?"

"पीकच हाय, साहेब. पन तीन वर्सानं येते."

तो हसला आणि त्यानं नातीच्या नावाचा शैक्षणिक कर्जाचा फॉर्म दिला. मी जिथं सही पाहिजे तिथं केली, आणि जिथं नको तिथंही केली. येताना बसमध्ये मला फार हलकं वाटत होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं. आयुष्यात जेव्हा जेव्हा असं हलकं वाटलं, तेव्हा तेव्हा मी माती खाल्ली आहे.

ओट्यावर नात तूर निवडत बसली होती. मी फॉर्म तिच्या पुढ्यात टाकला. "घे. जाय पुन्याले."

तिनं तो शेवटपर्यंत वाचला. मग घरातून तिची स्वतःची वही आणली. हिशेब तिनं आधीच करून ठेवला होता. फी, होस्टेल, जेवण मिळून तीन वर्षांचे साडेचार लाख. पुढं हप्ता साडेसहा हजारांचा.

"मंग? नोकरी लागंन नं," मी म्हटलं.

"मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक ताई हाय. इतिहासात एम.ए. केलं तिनं. तिले फोन केला होता मी. कॉलेजात तासिकेवर शिकोते. दिवाळीचे पैसे तिले होळीले भेटते."

"एमपीएससी कर."

"ते लागलं त लागलं. त्याच्या भरोशावर हप्ता मांडू काय?" तिनं सुपातला खडा उचलून फेकला. "आजी, हे सोयाबीन नोहे, चार महिन्यात घरात याले. संत्र्याची बाग हाय. पयले पाच वर्सं फळ नाही. तवरिक पानी विकत घेऊन झाडं जगोशीन काय?"

"मंग इतिहास सोडतं?"

"सोडाले कोन म्हनते? अमरावतीले घेतो. सरकारी होस्टेलचा फॉर्म भरला मी. तिथं कर्जच लागत नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतक्या सह्या करून आले होते, त्यांचं आता काय करायचं? मी फॉर्म पुन्हा तिच्याकडं सरकवला. "पुन्याचंच घे वं. जमीन हाय माही. मी कर्ज फेडतो." आवाज माझा असा निघाला की मलाच लाज वाटली. मागत मी होते, देत नव्हते.

तेवढ्यात बाहेर पोराची मोटारसायकल येऊन थांबली. तो दाराशी वाकून बूट काढत होता. नातीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, फॉर्मची घडी केली, माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाली,

"आजी, तुले बाबाची माफी मांगाची हाय त बाबाले मांग. माह्या नावावर कर्ज कायले काढतं?"