जाहिरातींखालचा पाऊस

काचबिंदूने आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली. बाकी सगळ्याची त्यांनी सवय करून घेतली, एक गोष्ट मात्र त्यांना जड गेली. भातलावणीच्या दिवसांत घाटाकडं काळं झालंय का, हे कुणाला तरी विचारावं लागायचं. जन्मभर बेडसे गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून, आभाळ बघूनच ते लावणीला बाया सांगत, म्हणजे मजुरीला बोलावत, आले होते.

म्हणून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा फोन दिला आणि त्यात लोणावळ्याच्या पावसाची वेबसाइट लावून दिली. पुढच्या रविवारी गावी गेले तर फोन कोनाड्यात पडलेला. मी शेजारी बसून ऐकलं. फोन आधी रिसॉर्टची सवलत वाचत होता, मग चिक्कीची जाहिरात, मग जाहिरातीचं 'बंद करा' बटण, मग पुन्हा रिसॉर्ट. पावसापर्यंत तो पोचतच नव्हता.

"मला खोली न्हाई घ्यायची," आबा म्हणाले.

लोणावळ्यात मी हॉटेलांच्या वेबसाइट बनवते, त्यामुळे हे पान आतून कसं बांधलं असेल याचा अंदाज होता. लॅपटॉप काढून जाहिराती, चित्रं, रंग एकेक करून बाजूला केले. पावसाचे आकडे त्या पानात नव्हतेच. पान ते दुसऱ्याच एका पत्त्यावरून मागवत होतं. तो पत्ता उघडला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, तास आणि त्या तासात पडलेला पाऊस. खाली जात राहिले तर वर्षंच्या वर्षं मागं पसरलेली. रोजचं काम असूनही माझा हात थांबला.

हे कोण मोजतं, असं आबांनी विचारलं. मी सांगितलं की डोंगरावर एक यंत्र आहे, ते आपोआप मोजून पाठवतं. रात्रीसुद्धा.

"मानूस न्हाई तितं, तरी मोजतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

तो पत्ता मी त्यांच्या फोनवर ठेवून दिला. त्या वर्षी लावणीच्या बाया त्यांनी कुणाला न विचारता सांगितल्या.

श्रावणात एकदा त्यांनी हळूच विचारलं, "तुझी आई गेली त्या दिसाचं आसंल का त्यात?"

होतं. फोन वाचू लागला. सकाळभर धो धो पाऊस. दुपारी दोन, तेच. तीन, शून्य. चार, शून्य. पाच वाजता पुन्हा मोठा आकडा. आबांनी हात वर केला.

"त्याच उघडिपीत अग्नी दिला आमी. मानसं म्हनायची, एवढा येळ पाऊस कुटं थांबला हुता, तुमाला भास झाला."

मलाही ती उघडीप आठवत होती, पण दुःखात आम्हीच ती मनानं लांबवली असेल, असं वाटायचं. आम्ही चितेपाशी उभे होतो, आणि त्याच वेळी डोंगरावर ते यंत्र कोरडं राहिलं होतं.

मी फोन बंद करायला गेले.

"वाचू दे," आबा म्हणाले.

मग त्या रात्रीचा सगळा पाऊस आम्ही दोघांनी ऐकला, एकेक तास.