बिनविरोध

आमच्या गावाला एका गोष्टीचा फार अभिमान होता. श्रीगोंदा तालुक्यातल्या आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपायी डोकी फुटायची, सोयरिकी मोडायच्या. आमच्या गावात मतदानच होत नसे. चार मोठी माणसं देवळात बसायची, कुठल्या वॉर्डातून कोण ते ठरवायची आणि तेवढेच अर्ज जायचे. मग गुलाल, पेढे, आणि आपलं गाव कसं एक आहे हे एकमेकांना सांगणं. त्या एकात आमची बौद्धवस्ती धरलेली असे का, हे कुणी विचारत नसे. खरं सांगायचं तर आम्हीही विचारत नसू.

नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखून ठेवायला सुरुवात झाली आणि आमच्या वॉर्डातली एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी निघाली. देवळातल्या बैठकीनं आमच्याच गल्लीतली एक म्हातारी पसंत केली. अगदी गरीब गाय. त्या चौघांतल्या थोरल्या बागायतदारांच्या गोठ्यात शेणघाण करायची आणि ते म्हणतील तिथं अंगठा द्यायची. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, माझ्या आईचीही नव्हती. तरी आईनं कुणाला न विचारता जातीचा दाखला पिशवीत घातला, एसटीनं तहसील कचेरी गाठली आणि स्वतःचा अर्ज भरून ती संध्याकाळच्या भाकरी थापायला घरी परत आली.

गावातल्या नळाची पाइपलाइन देवळापाशी येऊन थांबली होती, वस्तीत पाणी नव्हतं. आईनं त्याबद्दल ग्रामसभेत दोनदा उठून विचारलं होतं. दोन्ही वेळा वहीत ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं गेलं. वडील जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी नगरला एका कार्यालयात कारकून होतो, सावेडीत खोली घेऊन राहत होतो. शनिवारी घरी आलो तेव्हा तिनं बाजारातून मेथी आणल्याच्या सुरात मला ही बातमी सांगितली. वर विचारलं, “निशानी काय मागू रं? छत्री नगं. हितं पाऊस कुठं पडतुया? शिलाई मशीन मागते.”

मी हसलो. तेव्हा ते हसणं साधंच वाटलं होतं. आज आठवलं की स्वतःचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार मोठी माणसं आमच्या दारात आली. अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता. ती चौघं येणार याची मला कल्पना होती. दमदाटी झाली तर काय बोलायचं, कायदा कुठला दाखवायचा, याची वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. कुणी दमदाटी केलीच नाही. चपला बाहेर काढून सगळे आत आले, खाटेवर बसले आणि थोरले बागायतदार म्हणाले, “चहा टाका की, साहेब.”

हे वाक्य किती मोठं होतं ते बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्या घरातल्या पाण्याला गावातलं कुणी शिवल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारून कप आणले. आईनं चहा केला. चौघांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि मी कारकुंडा माणूस, लोण्यासारखा विरघळलो.

“तुमी शिकलेली मानसं,” थोरले म्हणाले. “गावात आजवर मतपेटी आली न्हाई. ती तुमच्या घरामुळं यावी व्हय? नळाचं म्हनाल, तर वस्तीला नळ देतो. माझा शब्द हाय.”

आई चुलीपाशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. अर्ज तिचा होता, पण तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. “हो, घेऊ मागं,” असं मीच म्हणालो. भ्यालो असतो तर निदान भित्रा म्हणून स्वतःला माफ केलं असतं. मी तर मान मिळाला म्हणून खूश झालो होतो.

सोमवारी त्यांच्याच जीपमधून आम्ही तहसीलला गेलो. मी माझ्या वळणदार कचेरी अक्षरात अर्ज लिहिला, ‘मी स्वखुशीने माझी उमेदवारी मागे घेत आहे.’ अधिकाऱ्यानं विचारलं, “बाई, स्वखुशीनं घेताय ना?”

“हो साहेब,” मी म्हणालो.

“तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “ह्यो म्हनतोय तसं.”

सही करायला ती साक्षरता वर्गात शिकली होती. एकेक अक्षर जपून काढून शेवटी वरची रेघ ओढायची. सरकारी कागदावरची तिची ही दुसरी सही. पहिली तिनं उमेदवारीच्या अर्जावर केली होती.

गाव बिनविरोध झालं. ती म्हातारी सदस्य झाली आणि मासिक सभेच्या वेळी गोठ्यातच असायची. शिपाई वही घेऊन तिथं जायचा. पुढच्या जयंतीला मी वस्तीत मताच्या किमतीवर भाषण केलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. इतरांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या.

थोरल्यांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. दीड-दोन वर्षांत वस्तीत नळ आला. पहिली घागर आईनंच भरली. मी त्या दिवशी घरी होतो, आणि इतके दिवस मनात काहीतरी टोचत असल्यामुळेच बहुतेक, न राहवून म्हणालो, “बघ आई, भांडण न करता मिळालं की नाही?”

तिनं घागर खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

“नळ आला, लई चांगलं झालं. पन मी निस्ती नळासाठी उभी न्हवते राहिले. आपल्या वस्तीतली किती मानसं माझ्या नावावर शिक्का मारत्यात, ते बघायचं हुतं मला. पडले असते तर पडले असते. चारच मतं मिळाली असती, तरी चार जनांनी मला मानलं असं कागदावर राह्यलं असतं. तू ती मोजूच दिली न्हाईस, बाबा.”