कान-गळा मोकळा

दवाखान्यात निघायचं म्हटलं की शोभामावशी आधी डबा काढायची. पितळेचा, तळहाताएवढा, झाकणाला बिजागरी असलेला डबा. पेशंट ओट्यावर विव्हळत असो, रिक्षा दारात थांबलेली असो, ती घरातल्या बायकांसमोर तो उघडा धरून उभी राहायची. "कान-गळा मोकळा करा." कानातलं, अंगठी, मंगळसूत्र, सगळं त्यात जायचं. मग तिची नजर पायांकडे वळायची. कुणी लग्नकार्याच्या चपला घातल्या असतील तर त्या बदलाव्या लागत. बायका कुरकुर करायच्या. नवराच आजारी असताना मंगळसूत्र कसं काढायचं, यावरून तर भांडणं व्हायची. मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "काळी पोत राहू दे गळ्यात. देवाला तेवढी पुरते. सोनं काउंटरवाल्याला दिसतं, ते काढ."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नववीत होते. मला ती बाई विचित्र वाटली होती.

सुरतेतल्या भेस्तानला आमच्या ओळीतल्या शेवटच्या घराच्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. मूळची नंदुरबारकडची. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी बारडोलीला दिलेली. मावशी दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची. बोटांवर गम वाळून त्याचे पापुद्रे व्हायचे आणि बोलता बोलता ती ते सोलत राहायची. त्याआधी अकरा वर्षं ती एका खाजगी दवाखान्यात आया होती. त्यामुळे आमच्या ओळीत कुणाला काही झालं की रिक्षाच्याही आधी मावशीला हाक जायची. काउंटरवर गेल्यावर ती फार बोलत नसे. आजचे किती, उद्याचे किती, आणि झेपलं नाही तर पेशंट कधी हलवता येईल, एवढंच विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायची नाही.

संध्याकाळी पाळी सुटून यंत्रमागावरचे लूमवाले ओट्यावर टेकले की ती त्यांच्या मागे लागायची. इथलं सरकारी उपचाराचं कार्ड काढायला इथलं रेशनकार्ड लागतं, आणि आमच्या लोकांची रेशनकार्डं गावाकडे. वीस-वीस वर्षं सुरतेत राहून सगळ्यांची नावं गावीच.

"नाव कोठे शे तुन्हं?" ती विचारायची.

"गावले."

"आन आजारी कोठे पडस? सुरतमा. मग कार्ड गावथून उडत येई का?"

सगळे हसायचे. माझे पप्पाही हसायचे. "शोभाबाई, तिथलं नाव काढलं तर मी गावचा राहिलोच कुठे?" आमचं नाव आजोबांच्या रेशनकार्डावर होतं आणि पप्पांना ते तिथेच हवं होतं. एकदा विम्याचा एजंटही येऊन गेला. पण पॉलिसीचा हप्ता आणि माझ्या शाळेची फी एकाच महिन्यात यायची. फी भरली जायची.

मी इंग्लिश शाळेत होते याचा आईला फार अभिमान होता आणि मावशीला फार गंमत वाटायची. मी कुणाशी बोलत नसे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचे. मावशी आईला म्हणायची, "ह्या पोरीच्या पोटात एवढं इंग्लिश भरलंय, पण बाहेर यायला दारच ठेवलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणायची, "काय व माय, तोंड उघाडाले पैसा लागस का?" मी मान खाली घालायचे. तिच्याकडे बघायला मात्र मला आवडायचं. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे. तिची नजर त्याच्या कानांवरून, गळ्यावरून, पायांवरून फिरून परत यायची. ही सवय तिला कुठून लागली असेल, असं मला वाटायचं. विचारायचं धाडस नव्हतं.

शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय असा रकाना असायचा. पहिलीपासून आईने तिथे 'बिझनेस' लिहून घेतलं होतं. वर्गातल्या मुलींच्या वडिलांची कापड मार्केटमध्ये दुकानं होती. माझे पप्पा दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवायचे. पुढे मी स्वतः फॉर्म भरू लागले, तेव्हाही तेच लिहीत राहिले.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी पप्पा पाळी अर्धी टाकून घरी आले. पोट धरून वाकलेले, कपाळावर घाम. आईने हात लावला तर पोट लाकडासारखं कडक लागलं. मावशीला हाक मारायला मी धावले, तर दाराला कुलूप. ती मुलीकडे बारडोलीला गेली होती. तिला फोन करून आम्ही खाजगी दवाखान्यात निघालो.

त्या दिवशी आम्ही सगळं तिच्या उलट केलं. आईने दिवाळीची साडी नेसली, लांब मंगळसूत्र घातलं, कानात टॉप्स घातले. "नीट दिसलो तर नीट बघतील," ती म्हणाली. "आणि तू इंग्लिशमध्ये बोल."

मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसासमोर भराभर बोलले. काउंटरवरचा माणूस आमच्या आधीच्या म्हाताऱ्याशी मान वर न करता बोलत होता. माझं इंग्लिश ऐकून तो खुर्चीत सरळ बसला. मला मॅडम म्हणाला. विमा आहे का, त्याने विचारलं. नाही म्हटलं. वडील काय करतात? "बिझनेस," मी म्हणाले. "टेक्स्टाइल." त्याने आईच्या गळ्याकडे पाहिलं आणि हसून लिहून घेतलं. आम्हाला स्पेशल रूम मिळाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोटातला अल्सर फुटलाय, आजच ऑपरेशन करावं लागेल. आणि काउंटरवरून निरोप आला की ऑपरेशनआधी साठ हजार भरा, बाकीचे नंतर.

आमच्या घरात तेव्हा साडेसात हजार होते. आई भिंतीकडे तोंड करून नातेवाइकांना फोन लावत होती. पप्पांना सलाइन लावलेलं होतं. ते डोळे मिटून हळू आवाजात म्हणत होते, "टॉप्स विकू नका. पोरीसाठी आहेत."

मावशी आली ती थेट स्टँडवरून, हातात भाजीची पिशवी घेऊन. तिने आधी पप्पांकडे पाहिलं, मग आईच्या गळ्याकडे, मग त्या खोलीच्या पडद्यांकडे. मला बाहेर नेऊन विचारलं, "काउंटरवर काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. बिझनेसही सांगितलं. आता ही मला सगळ्यांसमोर बोलणार, असं वाटलं. तिने अंगठ्यावरचा गम सोलला.

"बरं. ज्या तोंडाने सांगितलंस त्याच तोंडाने परत जाऊन सांग."

"मावशी, तुम्हीच बोला ना."

"मी बोलले तर तो म्हणेल, ह्या बाईला काय कळतंय. तुझं त्याने ऐकलंय. तुझंच ऐकेल."

"काय सांगू?"

"खरं सांग. दुसरं काय आहे आपल्याकडे?"

काउंटरपर्यंतची ती पंधरा-वीस पावलं मला अजून आठवतात. मी इंग्लिशमध्ये सुरुवात केली, पण वाक्य अर्ध्यावर तुटलं. मग गुजरातीत म्हणाले, "मारा पप्पा लूम चलावे छे. पगार पर. अमारी पासे वीमो नथी."

त्याने पेन खाली ठेवलं. "पहेलां तो बिझनेस कीधुं'तुं, बेन."

"खोटुं कीधुं'तुं."

बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. पण एकदा ते बोलून झाल्यावर पुढचं सोपं गेलं. ऑपरेशन आणि नंतरचे दिवस धरून एकूण किती होतील ते लिहून द्या, नाहीतर सरकारी दवाखान्यात न्यायला कागद द्या, असं मी म्हणाले. लिहून देता येत नाही, तो म्हणाला, आणि रस्त्यात काही झालं तर जबाबदारी तुमची. तेवढ्यात पाठीवर मावशीचा हात आला. "हे त्याला नको विचारू. डॉक्टरला विचार."

डॉक्टर तरुण होते. मी पुन्हा तेच सांगितलं, लूम, पगार, विमा नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, न्यायचं तर आत्ताच न्या, उशीर नको, मी चिठ्ठी लिहितो आणि तिकडे फोन करतो. झालेल्या उपचाराचे पैसे आईकडच्या साडेसात हजारांत भागले. सरकारी ॲम्ब्युलन्समध्ये मावशी पूर्ण रस्ता सलाइनची बाटली हात उंच करून धरून उभी होती. भाजीची पिशवी ती खाजगी दवाखान्यातल्या बाकावरच विसरली. दिवेलागणीच्या आत पप्पा ऑपरेशनला आत गेले होते.

सरकारी वॉर्डातले बारा दिवस काही सुखाचे नव्हते. खाटेला खाट लागून, आई खाली चटईवर, काही औषधं बाहेरून आणायची, एकेका शिक्क्यासाठी तास तास उभं राहायचं. पण पप्पा वाचले, आणि आईच्या कानातलं कानातच राहिलं.

चौथ्या दिवशी मी आणि मावशी जिन्यात बसून चहा पीत होतो. मी धीर करून म्हटलं, "मावशी, सोनं काउंटरवाल्याला दिसतं हे तुम्हाला कसं कळलं?"

ती म्हणाली, "अकरा वर्षं मी नुसती लादी पुसली असं वाटतं का तुला? नवीन पेशंट आला की काउंटरवाला आम्हाला विचारायचा, पार्टी कैसी है? पेशंटचे कपडे बदलणार आया. घरचा डबा बघणार आया. नातेवाईक काय कुजबुजतात ते ऐकणार आया. मी सांगायची. गळ्यात चार तोळे आहेत. चलथाणकडे उसाची शेती आहे. दिवाळीला मला साडी मिळायची."

मी कप पायरीवर ठेवला.

"एक बाई होती, आपल्याच बाजूची. तिची पोत मीच नजरेने मोजून सांगितली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात नुसता दोरा. पेशंट बरा झाला. जाताना ती माझ्या पाया पडली. चहाला म्हणून वीस रुपये दिले मला." तिने कप उलटा करून शेवटचा थेंब झटकला. "पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. डबा नंतर घेतला."

हे तिने आमच्या ओळीत दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पप्पा हिंडूफिरू लागल्यावर गावी गेले आणि आजोबांच्या रेशनकार्डावरून आमची नावं कमी करून आले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. ओट्यावर मावशीला म्हणाले, "झालो एकदाचा सुरतचा."

"माझं ऐकलं असतं तर पोट फाडायच्या आधीच झाला असता भाऊ," ती म्हणाली. मग पप्पाही हसले, पोटावर हात धरून.

या हिवाळ्यात एका सकाळी मावशीच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी वर गेले तर जमिनीवर टिकल्या सांडलेल्या, आणि त्यांत ती एका कुशीवर. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी फळीवरचा डबा काढला, तिच्या कानातल्या कुड्या उतरवून त्यात ठेवल्या. तिचा डावा हात चालत होता. तो उचलून ती सारखी माझ्या चेहऱ्याकडे बोट करत होती. मला वाटलं, पाणी मागतेय. पाजायची भीती वाटली. पप्पांनी रिक्षा आणली आणि जवळच्याच खाजगी दवाखान्यात आम्ही तिला नेलं, कारण उशीर करायचा नव्हता.

फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात मी 'आया' लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने वाचून वर पाहिलं आणि मी लेक का ते विचारलं. "तमे दीकरी?"

"ना. बाजुवाळी."

स्ट्रेचर ढकलायला एक तरुण आया आली. तिची नजर माझ्या कानांवरून गळ्याकडे आणि तिथून चपलांकडे गेली. ती नजर माझ्या ओळखीची होती. तेव्हा मला समजलं की मावशी पाणी मागत नव्हती. पहिल्या पगारातून घेतलेली सोन्याची फुलं मी काढायची विसरले होते.

मला त्या आयाचा राग आला नाही. चालता चालता मी तिला म्हटलं, "ये भी आया थीं. ग्यारह साल."

तिने मावशीच्या गम लागलेल्या बोटांकडे पाहिलं आणि स्ट्रेचर ढकलत राहिली.

तिथे इंजेक्शन झालं, डोक्याचा फोटो झाला. मावशीचं सरकारी कार्ड तिच्या बटव्यात होतं, पण ते तिथे चालत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, आजचे किती, उद्याचे किती, आणि कधी हलवता येईल. माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण पप्पांनी वळून पाहिलं. दुपारच्या आत चिठ्ठी मिळाली. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्या आयाने मावशीच्या पायांखाली चादर खोचली आणि माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "काउंटर पे पूछा था मेरे को. मैंने बोला, इनके पास कुछ नहीं है."

मावशीचे डोळे उघडे होते. तिने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

सहाव्या दिवशी, कार्डावर उपचार चालू असताना, सरकारी वॉर्डात ती गेली. तिची मुलगी बारडोलीहून आली, आईच्या कुड्या घेतल्या आणि डबा माझ्याकडेच ठेव म्हणाली. माझ्या कानातली फुलं मी मावशीला हलवलं त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्येच काढून त्यात टाकली होती. गेल्या आठवड्यात समोरच्या घरातून दवाखान्यात जायचं म्हणून हाक आली. धावत जाऊन डबा उघडला, तर दुसऱ्यांच्या दागिन्यांना जागा करायला आधी माझी फुलं एका कडेला सारावी लागली.