आठ पत्रे

बोईसरच्या माझ्या पत्र्यांच्या दुकानात मुरबे गावची एक मासेवाली एका पोरीला घेऊन आली. गावातल्या मुलींच्या मंडळाच्या खोलीवर छप्पर नव्हतं, आठ पत्रे हवे होते. मी आधीच चिडलेला. क्रिकेटवाल्यांनी देणगी घेऊन बॅनरवर माझा फोटो सगळ्यांत खाली छापला होता.

“चार देतो,” मी म्हणालो.

बाई पदराने वारा घेत स्टुलावर बसली आणि सोबतच्या पोरीला म्हणाली, “बोल.”

“शेट, चार पत्र्यांत निम्म्या पोरी भिजतील. कोनत्या, ते तुमीच येऊन सांगा.”

मी ओरडलो. पोर हलली नाही.

“पयल्या दिवशी नाव सांगताना रडली व्हती ही,” बाई हसून म्हणाली. “आमच्या मंडळात बोलायला शिकली.”

मी आठ पत्रे काढले. “टेम्पोचं भाडं तरी तुम्ही द्या.”

बाईने नुसतं पोरीकडे पाहिलं. मी घाईने टेम्पोवाल्याला हाक मारली.